रेंजहिल रायडर्सची दुसरी कॅसेट

खर्शीकर काकू दारात आल्या तेव्हा मी कॅसेटींवर लेबलं चिकटवत बसलो होतो. एकोणनव्वद सालचा एप्रिल, रविवारची दुपार. आई-बाबा आत झोपले होते. काकूंच्या हातात कापडी पिशवी होती, आणि खडकी बाजारापासून उन्हातून चालत आल्यामुळे त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

"दिगंबर, तुझा टेप चालतो ना रे?"

"चालतो ना. बसा काकू, पाणी आणतो."

"पाणी राहू दे. आधी हे लाव."

त्यांनी पिशवीतून कॅसेट काढली. वेष्टनावर रुळांमधून चालणारी चार पाठमोरी मुलं. रेंजहिल रायडर्सची दुसरी कॅसेट. ती बाजारात येऊन तीन आठवडे झाले होते. आतल्या घडीच्या कागदावरचा मजकूर मी लिहिला होता, आणि त्याखाली माझं नाव छापलेलं होतं.

"कुठे मिळाली?"

"टोनी टेलरकडे ब्लाउज शिवायला टाकायला गेले होते. तिथे वाजत होती. मी तशीच उभी राहिले. त्याला म्हटलं, परत लाव. त्यानं लावली. मग म्हटलं, दोन दिवसांसाठी दे मला." त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. "तिसरं गाणं लाव."

मी कॅसेट पुढे सरकवली. गिटार सुरू झाली, आणि दोन मात्रांनंतर लेस्टरचा आवाज आला. काकूंना इंग्रजी येत नव्हतं. त्या गुडघ्यावर बोटानं ताल धरून ऐकत होत्या. कडवं संपून पुन्हा ओळ वर चढली तशी त्यांनी मान वर केली.

"हे मकरंदचं आहे ना?"

मकरंदला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. तो माझा शाळेपासूनचा मित्र, वर्षभरानं लहान. त्याचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होते, आणि ते सगळे कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत. रॉक आणि कंट्री हे काय असतं ते मला त्यानंच दाखवलं. त्यांच्या मागच्या गल्लीत लोबो नावाचे निवृत्त इंजिन ड्रायव्हर राहत. त्यांच्याकडे चाळीसेक अमेरिकन रेकॉर्डी होत्या. आम्ही दोघं दर शनिवारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो. त्या गाण्यांतली माणसं ट्रक चालवायची, तुरुंगात जायची, बायको सोडून गेली की दारू प्यायची, आणि हे सगळं शेजाऱ्याशी बोलावं इतक्या सरळपणे सांगायची. मला त्यातल्या गिटारीचं वेड लागलं. कोणी कोणत्या रेकॉर्डवर कोणाबरोबर वाजवलंय, कोणाची तिसरी रेकॉर्ड पहिल्या दोनपेक्षा का पडली, हे मी वहीत लिहून ठेवायचो. मकरंदचं तसं नव्हतं. तो एकदा म्हणाला, "आपल्याकडे असं कोणी का नाही गात रे, की माझा बाप रोज सायकलवरून कारखान्यात जातो?"

लोबोंचा मुलगा लेस्टर. त्याचा आवाज असा, की तो गायला लागला की लग्नाच्या हॉलमधले वाढपीसुद्धा थांबायचे. लेस्टर गायचा, मकरंद बेस गिटार वाजवायचा, आणखी दोघं, असे हे चौघं म्हणजे रेंजहिल रायडर्स. मला वाद्य एकही येत नव्हतं. मी एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो, आणि माझ्याकडे जपानी टू-इन-वन होता. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाला, प्रत्येक तालमीला मी तो घेऊन जायचो आणि सगळं टेप करायचो. लेस्टर मला बँडचा पाचवा माणूस म्हणायचा. हे त्यानं स्टेजवरून माइकमध्ये एकदा म्हटलं होतं. ती तारीख मला अजून पाठ आहे.

त्यांची पहिली कॅसेट मला तेव्हाही फारशी आवडली नव्हती. सगळी उसनी अमेरिका. टेक्सास, महामार्ग, व्हिस्की. लेस्टरनं टेक्सास नकाशातसुद्धा धड पाहिलं नव्हतं, आणि मकरंदला व्हिस्कीच्या वासानं मळमळायचं. दुसरी मात्र खरी कॅसेट होती, आणि ती खरी होती ती तिसऱ्या गाण्यामुळे. 'वॉश युवर हँड्स'. एक माणूस पाळी संपवून सकाळी घरी येतो आणि नळावर कितीतरी वेळ हात धुतो. त्याचा लहान मुलगा दारात उभा राहून वाट बघतो, कारण हात स्वच्छ झाल्याशिवाय बाप त्याला जवळ घेत नाही. एवढंच गाणं. तीनच कॉर्ड. शेवटच्या कडव्यात मुलगा मोठा झालाय, आणि बाप अजून हात धुतोच आहे.

हे गाणं मकरंदनं केलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांच्या घरी, काकू रेशनला गेलेल्या असताना, त्यानं मला बोलावून घेतलं आणि लेस्टरची गिटार मांडीवर घेऊन ते टेप करायला लावलं. तोपर्यंत ते कोणीच ऐकलेलं नव्हतं. नंतर लेस्टरनं माझ्याकडूनच ती टेप नेऊन गाणं बसवलं आणि टेप परत आणून दिली. ऑगस्टमध्ये मकरंदला कावीळ झाली. डोळे पिवळे झालेले असताना त्यानं दोन कार्यक्रम केले. तिसऱ्या आठवड्यात तो गेला. काकांनी त्याची बेस गिटार कोणालातरी देऊन टाकली आणि गाण्याच्या वह्या अंघोळीच्या बंबात घातल्या.

तर काकूंनी विचारलं, हे मकरंदचं आहे ना. आणि मी म्हटलं, "नाही काकू. लेस्टरचं आहे."

कॅसेटवर तसंच छापलं होतं. सर्व गाणी, शब्द आणि चाल, लेस्टर लोबो. कॅसेट कंपनीच्या माणसानं मला तसं लिहायला सांगितलं तेव्हा मी लेस्टरकडे पाहिलं होतं, आणि लेस्टर खिडकीबाहेर पाहत होता. मी लिहून दिलं. जूनमध्ये ते बंगलोरला जाणार होते आणि मीही बरोबर जाणार होतो. तिसऱ्या कॅसेटचं बोलणं चाललं होतं. त्या क्षणी एवढंच मनात आलं, की हे एक गाणं काढून घेतलं तर कॅसेटमध्ये काही उरत नाही.

"पण हा घरात हेच गुणगुणायचा रे," काकू म्हणाल्या. "मी पोळ्या करत असले की मागे उभा राहून. मला शब्द नाही कळत, पण चाल कळते ना."

"लेस्टरचीच चाल आहे. तालमीत ऐकून ऐकून मकरंदच्या तोंडात बसली असेल."

"तू सगळं टेप करायचास ना?"

"हो."

"म्हणजे तुला पक्कं माहीत असणार."

"हो काकू."

त्या म्हणाल्या, "हे म्हणतात, सात वर्षं पोरगं त्यांच्यात घुमत राहिलं, आणि मागे ठेवलं काय? मला वाटलं, हे त्यांना ऐकवावं. असो." त्यांनी कॅसेट पिशवीत टाकली. "उगाच दुपारची तुझी झोपमोड केली."

त्या गेल्यावर मी बराच वेळ खिडकीत उभा होतो. त्या वळणावर दिसेनाशा झाल्या. मग मला भीती वाटायला लागली. त्या आज एकट्या आल्या होत्या. उद्या काकांना घेऊन येतील, नाहीतर कोणा वकिलाला. म्हणतील, दाखव तुझ्या टेपा. माझ्या प्रत्येक टेपेवर तारीख, जागा आणि गाणं व्यवस्थित लिहिलेलं असायचं. मी खोक्यातून मे महिन्याची ती टेप काढली, टू-इन-वनमध्ये घातली, रेडिओ लावला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी कांद्यावरच्या रोगाबद्दल भाषण चाललं होतं. मी आवाज बंद करून बाजूला बसून राहिलो. अर्ध्या तासानं बटण आपोआप वर आलं. मग मी टेपेवरचं लेबल खरवडून काढलं.

बंगलोरला आम्ही गेलो. लेस्टरनं तिथे तिसरं गाणं म्हटलं नाही. पुण्यात परत आल्यावर दोन कार्यक्रम झाले, त्यातही नाही. लोक ओरडून मागत होते. तो पाणी प्यायचा आणि दुसरंच काहीतरी सुरू करायचा. मला राग यायचा. एवढं चांगलं गाणं हातात असताना हा माणूस ते का टाळतो, हे मला कळत नव्हतं. किंवा कळत होतं.

जुलैच्या शेवटी एका रविवारी सकाळी चर्चमधून तो थेट आमच्याकडे आला. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. आईनं त्याला पोहे दिले. ते त्यानं खाल्ले नाहीत. आम्ही गच्चीवर गेलो.

"डिग्गी, कंपनीवाला दुसरा लॉट छापतोय," तो म्हणाला. "मी त्याला बोललो, तिसऱ्या गाण्यावर मकरंदचं नाव टाक."

मी कठड्याला टेकलो.

"आधी पण बोललो होतो मॅन. तो म्हणाला, मेलेल्या माणसाचं नाव टाकायचं तर घरच्यांचं पत्र पाहिजे, हे पाहिजे, ते पाहिजे, सहा महिने जातील. आता तुझं टाकू, नंतर बदलू. मी हो म्हटलं. मी का हो म्हटलं, डिग्गी?" त्यानं कठड्यावर दोन्ही हात टेकले. "मला गाताच येत नाही ते आता. तोंड उघडलं की तो समोर दिसतो. डोळे पिवळे."

"मग आता?"

"आता तो म्हणतो, काहीतरी प्रूफ आण. नाहीतर उद्या कोणी पण येईल आणि म्हणेल, माझं गाणं. वह्या तर अंकलनी जाळल्या. पण तुझी टेप आहे ना. मे महिन्याची. तू मला दिली होतीस ती. ती दे, मी उद्याच मुंबईला जातो."

खाली रस्त्यावरून कोणीतरी भांड्यांना कल्हईची हाळी देत जात होतं. ते लांब जाईपर्यंत मी थांबलो.

"ती टेप नाहीये."

"म्हणजे?"

"पुसली."

"चुकून?"

मला हो म्हणता आलं असतं. त्यानं विश्वास ठेवला असता. तो माणसांवर विश्वास ठेवायचा. पण मी मान हलवली, आणि मग काकू आल्या होत्या तेही सांगितलं. सगळं. लेस्टरनं मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, आपण चुकीच्या घरात शिरलो असं कळलेल्या माणसासारखा.

"मी तरी नाव खाल्लं," तो शेवटी म्हणाला. "तू काय केलंस मॅन?" मग त्यानं शर्टाच्या बाह्या सारख्या केल्या. "चल. शूज घाल. आपण दोघं जायचं. तू सांगायचं."

खर्शीकरांच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत काका बनियनवर, कॉटवर बसून पेपर वाचत होते. मकरंदचा फोटो भिंतीवर होता, ताजा हार घातलेला. काकू आत भाजी निवडत होत्या. लेस्टरला पाहून त्या हात पुसत दारात आल्या. काकांनी पेपर खाली केला नाही.

"अंकल, मला माफी मागायची आहे," लेस्टर उभ्यानंच म्हणाला. "ते गाणं तुमच्या मकरंदचं आहे. माझं नाही. कॅसेटवर माझं नाव आहे ते खोटं आहे."

पेपर खाली आला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणतो."

"नाही रे बाळा," काकू दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका मऊ होता, की मी मान वर केली नाही. "दिगंबरनं सांगितलंय मला. तुझीच चाल आहे ती. आम्हाला बरं वाटावं म्हणून तू बोलतोयस. मन चांगलं आहे तुझं. पण लोकांचं श्रेय आम्हाला कशाला?"

लेस्टर माझ्याकडे वळला. काकूही माझ्याकडे बघत होत्या, आता मी दुजोरा देणार अशा खात्रीनं.

"काकू, मी खोटं बोललो," मी म्हटलं. "गाणं मकरंदचंच आहे. शब्द, चाल, सगळं. इथेच, या खोलीत त्यानं मला म्हणून दाखवलं होतं."

"एप्रिलात एक बोललास, आता एक बोलतोस," काका म्हणाले. "त्यातलं खरं कुठलं समजायचं?"

"टेप होती माझ्याकडे."

"आण मग."

"पुसून टाकली. काकू येऊन गेल्या, त्याच दिवशी."

काकांनी पेपरची घडी घातली. मग ती मोडली आणि पुन्हा घातली. "काय होतं गाण्यात?" त्यांनी लेस्टरला विचारलं.

लेस्टरनं आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगितलं. थर्ड शिफ्ट करून माणूस येतो. नळावर हात धुतो. साबण लावतो, परत लावतो. छोटा मुलगा दारात उभा असतो. काकांचा चेहरा ऐकताना जराही हलला नाही. लेस्टर थांबल्यावर ते म्हणाले, "साबणानं नाही जात ते. रॉकेल लागतं."

लेस्टरनं त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"वह्या मी जाळल्या," काका म्हणाले. आमच्यापैकी कोणालाच उद्देशून नाही, घडी घातलेल्या पेपराकडे बघत. "टेप यानं पुसली." ते उठले, खुंटीवरचा शर्ट घेतला आणि तो हातातच धरून बाहेर गेले. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज आला.

पुढे आठवड्याभरानं त्यांनी लेस्टरला हवं होतं ते पत्र लिहून दिलं, कारखान्यातल्या एका साहेबाकडून इंग्रजीत टाइप करून घेऊन. दुसऱ्या छपाईत नाव आलं, आडनावाचं स्पेलिंग चुकून. त्या छपाईच्या फारशा कॅसेटी खपल्या नाहीत. वर्षभरात बँड मोडला, लेस्टर पर्थला गेला आणि तिथे बस चालवू लागला. तिसरी कॅसेट कधीच झाली नाही. माझ्याकडे अजून रायडर्सच्या एकशे बारा टेपा आहेत. जुनी मासिकं आणि जुनी गाणी जमवणारे लोक कधीमधी मला शोधत येतात. मी त्यांना चहा देतो, कुठल्या कार्यक्रमात काय वाजलं ते सांगतो. तिसऱ्या गाण्याबद्दल विचारलं तर म्हणतो, मकरंद खर्शीकरचं. हे सगळं नंतरचं.

त्या सकाळी काका गेल्यावर मला वाटलं, आता काकू रडतील, किंवा मला हाकलून देतील. मी दोन्हीची तयारी केली होती. वाटेत चालताना मी माफीची वाक्यंही जुळवली होती, त्यांच्या मुलाचं नाव आपण बुडवलं, त्याचा मान घेतला, अशी. त्यातलं एकही त्यांनी मला बोलू दिलं नाही. त्या पुढे येऊन काका बसले होते त्या जागी कॉटवर बसल्या.

"टेप म्हणजे त्यात नुसती गिटार होती," त्यांनी विचारलं, "की तो होता?"

"तो होता. तोच गात होता."

"मकरंद?"

"हो काकू."

"पण कॅसेटमध्ये तर सगळं हाच गातो." त्यांनी लेस्टरकडे बोट केलं.

"कॅसेटमध्ये मकरंद कधीच गायला नाही, आंटी," लेस्टर हळूच म्हणाला. "तालमीत पण नाही. त्याला लाज वाटायची. तो फक्त बेस वाजवायचा."

"म्हणजे तेवढीच."

माझ्या बाकीच्या टेपांमध्ये त्याच्या बेसचे तासन् तास होते. मी मनातल्या मनात त्या सगळ्या भराभर चाळल्या. एकीवरही तो नव्हता. मी नेहमी माइक लेस्टरच्या समोर ठेवायचो.

"आमच्याकडे फोटो आहेत," काकू म्हणाल्या. "मुंजीतले, कॉलेजातले. आवाज कुठेच नाही. मी ह्यांना म्हटलं पण होतं, दिगंबरकडे काही असेल का विचारू या. मग वाटलं, ते गाण्याचं असणार. आपल्याला कशाला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नुसतं गाणंच होतं, की बोललाही होता काही?"

"आधी थोडं बोलला होता."

"काय?"

ते मला आठवत होतं. ती टेप मी पन्नासएक वेळा तरी ऐकली होती. "मी टेप सुरू केला तेव्हा म्हणाला, 'डिग्या, हळू बोल जरा, बाबा आत्ताच झोपलेत.' आणि मग हसला."

"इथेच?"

"इथेच. काका रात्रपाळी करून आले होते. आतल्या खोलीत झोपले होते."

काकूंनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

"पुन्हा म्हण."

"डिग्या, हळू बोल जरा, बाबा आत्ताच झोपलेत."

त्यांनी मान एका बाजूला कलती केली. लेस्टर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला होता. "परत एकदा," काकू म्हणाल्या. "तो जसं म्हणाला होता तसं."

मी मकरंदचा आवाज आठवला. थोडा नाकातला, घाईघाईचा, शेवटचा शब्द गिळणारा. माझ्या कानात तो स्वच्छ वाजत होता. मी तसा आवाज काढायचा प्रयत्न केला आणि तिसऱ्यांदा ते वाक्य म्हटलं.

काकूंनी डोळे उघडले.

"नाही रे," त्या म्हणाल्या. "असं नव्हता म्हणत तो."